अमेरिकेत 'माझा धर्म' कोर्टापुढे कसा मांडायचा?

शमीपत्र (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्यावर मराठीत लेख येतात तेव्हा 'चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत' इथून सुरुवात होते आणि बहुतेक वेळा तिथेच शेवट. रोजच्या जगण्यात लागतो तो दुसरा भाग. 'हे माझ्या धर्मात बसत नाही' किंवा 'हे मला पाळावंच लागतं' असं एका माणसाने म्हटलं, तर सरकार, शाळा किंवा कंपनीवर कोणतं बंधन येतं? हा धागा त्यासाठी काढतोय.

पहिली घटनादुरुस्ती (१७९१) धर्माबद्दल एका वाक्यात दोन गोष्टी सांगते: काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, धर्म प्रस्थापित करणारा कायदा करू नये आणि धर्माचं मुक्त आचरण रोखणारा कायदाही करू नये. मूळ मजकूर फक्त काँग्रेसला बांधत होता. मॅसॅच्युसेट्समध्ये तर राज्याच्या पाठबळावरची चर्चव्यवस्था १८३३ पर्यंत चालू होती. राज्यांना हे बंधन लागू झालं चौदाव्या घटनादुरुस्तीच्या वाटेने आणि फार उशिरा: मुक्त आचरणाचा भाग १९४० च्या कँटवेल निकालात, प्रस्थापनेचा भाग १९४७ च्या एव्हरसन निकालात.

आता व्यक्तीकडे येऊ. तीन निकाल पाठ असावेत.

बॅलर्ड (१९४४): 'आय ॲम' नावाच्या पंथाच्या चालकांवर टपालातून फसवणूक केल्याचा खटला. आपण असाध्य रोग बरे करू शकतो असा त्यांचा दावा होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, तो दावा खरा की खोटा हे ज्यूरीपुढे ठेवायचंच नाही. आरोपींचा स्वतःचा त्यावर विश्वास होता का, एवढंच विचारता येईल.

थॉमस (१९८१): इंडियानातल्या कारखान्यातला यहोवाज विटनेस पंथाचा कामगार. पोलादी पत्र्याचा विभाग बंद झाल्यावर त्याला रणगाड्यांचे टरेट (तोफ बसवायचे फिरते बुरूज) बनवायला पाठवलं. त्याने नोकरी सोडली आणि बेकारी भत्ता नाकारला गेला. त्याच्याच पंथातल्या दुसऱ्या कामगाराला ते काम चालत होतं, हे राज्याच्या कोर्टाने त्याच्याविरुद्ध धरलं. सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. एकाच पंथातल्या दोघांपैकी धर्माचा अर्थ कोणाला बरोबर कळला, हे ठरवणं न्यायाधीशांचं काम नव्हे. श्रद्धा इतरांना तर्कशुद्ध किंवा सुसंगत वाटली पाहिजे, अशीही अट नाही.

फ्रेझी (१९८९): इलिनॉयमधल्या एकाने ख्रिस्ती म्हणून रविवारी काम करायला नकार दिला. तो कुठल्याही चर्चचा सभासद नव्हता. राज्य म्हणालं, मग ही तुझी वैयक्तिक मर्जी. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या वारकऱ्याला 'सगळे हिंदू कुठे माळ घालतात?' असं कोणी विचारलं, तर अमेरिकी कायद्यात तो प्रश्न गैरलागू आहे. पण इथेच बरेच जण फसतात. तुमचा धर्म काय सांगतो हे तुम्ही ठरवता. सरकारने तुमच्यासाठी वाट मोकळी करायची की नाही, हे मात्र तुम्ही कुठल्या कायद्यावर पाय रोवून उभे आहात त्यावर ठरतं. लोक पहिल्या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसऱ्यावर हरतात.

कोयनाकाठ

उत्तम सुरुवात. भारतातल्या वाचकाला पहिला भाग पचायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून 'ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का' हे कोर्टच तपासत आलंय. पोथ्या उघडल्या जातात, परंपरेचे दाखले दिले जातात. अमेरिकेत वकिलाने ग्रंथांचा ढीग आणला तरी तो फार तर 'पक्षकार प्रामाणिक आहे' एवढं दाखवायला उपयोगी पडतो.

श्रद्धा आणि आचरण यांतली फाळणी मात्र दोन्हीकडे सापडते. युटाच्या मॉर्मन बहुपत्नीत्वावरच्या रेनॉल्ड्स खटल्यात (१८७९) अमेरिकी कोर्टाने ठरवलं की कायदा मतांना हात लावू शकत नाही, कृतीला लावू शकतो. १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे नरसू आप्पा माळी खटला आला, हिंदूंच्या द्विभार्या प्रतिबंधावरचा. न्या. छागलांनीही धार्मिक श्रद्धा आणि धार्मिक प्रथा यांत ठळक रेघ ओढली.

माझा प्रश्न: 'प्रामाणिक' हे ठरवतात कसं? मन उघडून तर बघता येत नाही.

शमीपत्र

@कोयनाकाठ, वागण्यावरून. नोकरीच्या वादांत ईईओसी, म्हणजे समान रोजगार संधी आयोग, साधारण चार गोष्टी बघतो. सांगितलेल्या श्रद्धेशी उघड विसंगत वागणं आहे का? मागितलेली सवलत धर्म बाजूला ठेवला तरी कोणालाही हवीशी वाटेल अशी आहे का (प्रत्येक शुक्रवारी सुट्टी, उदाहरणार्थ)? मागणीची वेळ संशयास्पद आहे का, म्हणजे तीच रजा महिन्यापूर्वी दुसऱ्या कारणाने नाकारली गेली आणि आता धर्म पुढे आला? चौथी, खोटेपणाचा संशय यावा असं आणखी काही कारण.

यातली एकच गोष्ट सहसा पुरेशी नसते. गेल्या वर्षी उपवास मोडला म्हणून यंदाची श्रद्धा खोटी ठरत नाही, आणि धर्म कालच स्वीकारला असला तरी चालतो. होल्ट खटल्यात (२०१५) आर्कान्साच्या तुरुंगातल्या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. खालच्या कोर्टाने नोंदवलं की सगळे मुस्लिम दाढी सक्तीची मानत नाहीत. सुप्रीम कोर्टाने तो मुद्दा एकमताने बाजूला सारला. वर त्याच तुरुंगात त्वचारोग असलेल्यांना पाव इंच दाढीची मुभा होती आणि चाळीसहून अधिक तुरुंगव्यवस्थांत अर्धा इंच चालत होती. सरकारचा 'दाढीत वस्तू लपवता येईल' हा युक्तिवाद तिथेच कोसळला, कारण डोक्यावरच्या केसांत त्याहून जास्त लपवता येतं. दावा मांडताना हा धडा घ्या: त्याच नियमातून दुसऱ्या कोणाला, कुठल्या कारणाने सूट दिली आहे, ते आधी शोधून काढा.

फेडरलफाईल

तुम्ही 'कुठल्या कायद्यावर उभे आहात' म्हणालात, ते उलगडून सांगतो.

१९६३ च्या शेर्बर्ट निकालानंतर कसोटी कडक होती. साउथ कॅरोलिनातल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट कामगार बाईने शनिवारी काम नाकारलं, तिला बेकारी भत्ता द्यावा लागला. १९७२ मध्ये योडर खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथातल्या पालकांना आठवीनंतर मुलं शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. धर्मावर भार टाकायचा तर सरकारला अत्यंत निकडीचं कारण आणि कमीत कमी जाचक मार्ग, दोन्ही दाखवावे लागत.

मग आला स्मिथ (१९९०). ऑरेगनमधले दोघे नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोट (नशा आणणारं निवडुंग) घेतल्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रातल्या नोकरीतून काढले गेले आणि त्यांना बेकारी भत्ताही नाकारला गेला. न्या. स्कालिया यांच्या निकालपत्राने दिशाच बदलली: कायदा तटस्थ असेल आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर धर्मासाठी सूट देणं संविधानाने बंधनकारक नाही. आजही पायाभूत नियम हाच आहे.

काँग्रेसने १९९३ मध्ये रिफ्रा, म्हणजे धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा करून जुनी कसोटी परत आणली. १९९७ च्या बर्नी निकालाने तो राज्यांपुरता रद्द झाला. टेक्सासमधल्या एका चर्चच्या विस्ताराला शहराने परवानगी नाकारल्यातून तो खटला उभा राहिला होता. फेडरल सरकारविरुद्ध रिफ्रा आजही जिवंत आहे. २००० मध्ये काँग्रेसने दोनच विषयांपुरता आर-लूपा कायदा केला: जमिनीचं झोनिंग (कुठल्या भागात काय बांधता येईल याचे नियम) आणि तुरुंगासारख्या संस्था.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: समोर कोण आहे?

फेडरल खातं असेल तर रिफ्रा. राज्य, काउंटी किंवा शहर असेल तर आधी त्या राज्याचा स्वतःचा रिफ्रा आहे का ते बघा. टेक्सास, इलिनॉय, फ्लोरिडा, पेनसिल्वेनिया, व्हर्जिनियात आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत नाही. म्हणजे मराठी माणूस जिथे दाटीने राहतो, त्यातल्या तीन मोठ्या राज्यांत हे हत्यारच नाही. खासगी कंपनी असेल तर संविधान लागूच होत नाही, तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारं प्रकरण. 'माझा पहिल्या घटनादुरुस्तीचा हक्क डावलला' असं खासगी कंपनीला लिहिणारे खूप दिसतात. त्या पत्राला कायद्याचा आधार नसतो.

राज्याचा रिफ्रा नसेल तर स्मिथच्या दोन भेगा शोधायच्या. नियम नावाला सर्वांसाठी, पण नेम एकाच पंथावर असेल तर लुकुमी (१९९३): फ्लोरिडातल्या हायलीआ शहराने सँटेरिया पंथाचे पशुबळी रोखायला असे वटहुकूम रचले की बाकीची सगळी प्राणीहत्या चालू राहिली. ते सगळे एकमताने रद्द झाले. दुसरी भेग म्हणजे अधिकाऱ्याला मर्जीने सूट देण्याचा अधिकार असणं (फुल्टन, २०२१), किंवा तशाच धोक्याच्या बिगरधार्मिक कामाला सूट देऊन धार्मिकाला न देणं (टँडन, २०२१). नियमाची पूर्ण प्रत मागवा आणि अपवादांचं कलम बारकाईने वाचा. सगळा खटला बहुधा तिथेच असतो.

दिवेलागण

नोकरीबद्दल नेमकं सांगते, कारण सर्वाधिक प्रकरणं तिथलीच.

टायटल सेव्हन १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला लागू. एच-१बी वाल्यालाही तेवढंच संरक्षण आहे, नागरिकत्वाची अट नाही. क्लायंटच्या जागेवर काम करत असाल तर पगार देणारी कंपनी आणि क्लायंट, दोघांकडेही मागणी लेखी जाऊ द्या.

पत्र चार-पाच ओळींचं पुरतं. कोणती धार्मिक प्रथा, कामाच्या कोणत्या नियमाशी किंवा वेळेशी टक्कर, कोणत्या तारखा आणि तास, आणि तुमच्याकडून एक-दोन पर्याय (शिफ्टची अदलाबदल, दुसऱ्या दिवशी भरपाई). ठरावीक कायदेशीर शब्द लागत नाहीत. ॲबरक्रॉम्बी निकालात (२०१५) तर हिजाब धर्मासाठी आहे असा कंपनीला अंदाज होता आणि तो टाळण्यासाठी नोकरी नाकारली, एवढं पुरलं. तरी मालकाच्या अंदाजावर विसंबू नका.

कुठे बिघडतं तेही सांगते. 'आमचा कौटुंबिक कार्यक्रम आहे', 'आमच्या संस्कृतीत असं असतं' असं लिहिलं की एचआर ते वैयक्तिक रजेच्या खणात टाकतं. 'माझं धार्मिक आचरण' हे स्पष्ट लिहा. दुसरं, तिथीचा घोळ: लक्ष्मीपूजन स्थानिक सूर्यास्तावर ठरतं, त्यामुळे भारतातल्या दिनदर्शिकेतली तारीख आणि शिकागोची तारीख वेगळी निघू शकते. एकदा एक आणि नंतर दुसरी तारीख कळवली तर प्रामाणिकपणावरच शंका येते. स्थानिक पंचांगाचं पान पहिल्या पत्रालाच जोडा. तिसरं, मालकाने दिलेला वाजवी पर्याय 'मला हवा तो नाही' म्हणून धुडकावणं. अँसोनिया निकालानुसार (१९८६) मालकाला वाजवी पर्याय द्यावा लागतो, तुमच्या पसंतीचाच असं नाही.

मालक नकार केव्हा देऊ शकतो? १९७७ च्या हार्डिसन निकालापासून 'किरकोळपेक्षा जास्त खर्च' एवढं कारण चालायचं आणि कंपन्या त्यावर सहज सुटायच्या. ग्रॉफ निकालाने (२०२३) ते संपवलं. रविवारी ॲमेझॉनची पार्सलं पोचवायला नकार देणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचा तो खटला. आता त्या धंद्याच्या प्रमाणात खर्चात भरीव वाढ होते हे मालकाने सिद्ध करायचं. सहकाऱ्यांची कुरकुर किंवा त्या धर्माबद्दलची नावड हे कारण चालत नाही. जुन्या नकारपत्रांत हार्डिसनचीच भाषा दिसते. तसं पत्र हातात आलं तर ग्रॉफचं नाव घेऊन फेरविचार मागा.

मुदती चुकवू नका: ईईओसीकडे तक्रार १८० दिवसांत, राज्याची किंवा स्थानिक यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांत. दावा लावायची परवानगी आली की त्यापुढे ९० दिवस. फेडरल नोकरीत असाल तर समुपदेशकाशी संपर्क ४५ दिवसांत. एचआरशी अंतर्गत पत्रव्यवहार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

कॅलिफोर्नियात २०१३ पासून राज्याचा कायदा आणखी स्पष्ट आहे: पगडी, टिळा, दाढीसाठी मुभा देताना त्या माणसाला ग्राहकांच्या नजरेआड बसवणं ही सवलत धरली जात नाही.

अनेकांत

नागरिकत्वाच्या शपथेबद्दल इथे कोणी लिहिलं नाही. जैन, बौद्ध आणि अहिंसा मानणाऱ्या बऱ्याच हिंदूंना हे माहीत असायला हवं.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात विचारतात: कायद्याने गरज पडली तर शस्त्र घ्याल का? सैन्यात बिनशस्त्र सेवा कराल का? नागरी यंत्रणेखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम कराल का? बहुतेक जण तिन्हींवर 'हो' अशी खूण करून पुढे जातात, कारण 'नाही' म्हटलं तर अर्ज फेटाळला जाईल अशी भीती. १९४६ च्या जिरार्ड निकालाआधी ती भीती खरी होती. आज पहिल्या दोन्हींवर धार्मिक कारणाने 'नाही' म्हणता येतं आणि शपथेतून ती वाक्यं गाळली जातात. तिसऱ्यातून सूट नाही.

इथे पुराव्याचा भार अर्जदारावर असतो आणि तो जड आहे: स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा. मात्र कुठल्या देवळाचं, संघाचं सदस्यत्व असलंच पाहिजे असं नाही. सीगर (१९६५) आणि वेल्श (१९७०) या सक्तीच्या लष्करभरतीवरच्या निकालांपासून, ईश्वर न मानणाऱ्याच्या मनात जी नैतिक धारणा धर्माच्याच जागी असते, तीही धरली जाते. स्वतःच्या शब्दांत एक पानी सहीचं निवेदन करा: काय मानता, कुठून आलं, जगण्यात कुठे दिसतं. संस्थेचं पत्र असेल तर जोडा. अधिकारी हमखास विचारतो, 'कुणी तुमच्या देशावर हल्ला केला तर?' आक्षेप शस्त्र धरण्यालाच असला पाहिजे, एखाद्या विशिष्ट युद्धाला नव्हे. धर्मयुद्ध मान्य, अधर्माचं अमान्य, अशी भूमिका असेल तर ही सूट मिळणार नाही, म्हणून तशी भूमिका असताना सूट मागूही नये.

'सो हेल्प मी गॉड' हे शब्द गाळणं याहून सोपं. नियमातच 'सद्सद्विवेकाची इतर कारणं' हेही कारण म्हणून लिहिलंय, कागदपत्र मागत नाहीत. मुलाखतीतच सांगून ठेवा.

पासपोर्टच्या फोटोचंही इथेच सांगतो. धार्मिक कारणाने डोकं झाकत असाल तर ते नेहमी सार्वजनिक ठिकाणी वापरायचा पारंपरिक धार्मिक पेहराव आहे, असं सहीचं निवेदन जोडायचं. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, कपाळावर सावली नको.

कोयनाकाठ

याला जोडून एक. अमेरिकेच्या जनगणनेत धर्माचा रकानाच नाही. धार्मिक श्रद्धा किंवा धर्मसंस्थेचं सभासदत्व उघड करायची सक्ती करता येणार नाही, असा कायदा १९७६ पासून आहे. महाराष्ट्रात धर्म बदलला की राजपत्रात छापून घ्यायची धडपड असते, शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे ते लागतं. तिकडे नोंदवायला खिडकीच नाही. व्यक्तीचा धर्म हा तिच्या सांगण्यावर आणि वागण्यावर उभा राहतो.

पाणवठा

गणेश विसर्जन आणि अस्थिविसर्जन या दोन गोष्टी मंडळांच्या व्हॉट्सॲपवर अर्धवट माहितीने फिरतात.

आधी पाणी कोणाच्या मालकीचं ते शोधा. शहराचं तळं असेल आणि 'पाण्यात कोणतीही वस्तू टाकू नये' असा सरसकट नियम असेल, तर स्मिथमुळे धर्माच्या नावाने सूट मागता येत नाही. लढायला जाऊ नका, हराल. बिनरंगाची शाडूची मूर्ती, काठावर ठेवलेल्या टाकीत विसर्जन आणि ती माती परत नेणं, या बोलीवर पार्कखातं बहुधा परवानगी देतं. मिरवणुकीच्या परमिटला शुल्क लावता येतं (कॉक्स, १९४१), पण कार्यक्रम कसला आहे किंवा विरोधक किती गोंधळ घालतील यावरून शुल्क वाढवता येत नाही (फोर्सिथ काउंटी, १९९२). शेजारच्या शर्यतीला किती आकारलं ते पार्कखात्याकडे लेखी मागा.

राष्ट्रीय उद्यान असेल तर जमीन फेडरल, म्हणून रिफ्राचा आधार आहे. धार्मिक विधीला तिथे २५ जणांपर्यंत नेमून दिलेल्या जागी परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. अस्थी किंवा रक्षा विखुरण्याचे नियम उद्यानागणिक असतात, काही ठिकाणी परमिटच लागतं, त्यामुळे आधी त्याच उद्यानाच्या कार्यालयात विचारा.

समुद्रात रक्षाविसर्जनाला पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची सर्वसाधारण परवानगी आधीपासूनच आहे. किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल दूर जायचं आणि नंतर ३० दिवसांत ईपीएच्या विभागीय कार्यालयाला कळवायचं. फुलं-हार कुजणारे असावेत. प्लास्टिक, नायलॉनचा दोरा, धातूचा कलश पाण्यात नको. नद्या-तळ्यांना हा नियम लागू नाही, ते राज्यावर अवलंबून.

फेडरलफाईल

मंदिर बांधणाऱ्यांसाठी गुरू नानक शीख सोसायटी विरुद्ध सटर काउंटी (नववं सर्किट, म्हणजे विभागीय फेडरल अपील कोर्ट, २००६) हा निकाल सोन्याचा आहे.

युबा सिटीजवळ गुरुद्वारा हवा होता, एका वेळी ७५ माणसांपुरता. आधी निवासी भागात दोन एकरांच्या आतली जागा घेतली. आवाज आणि रहदारीचं कारण देऊन नकार. मग शेतीच्या झोनमध्ये २८ एकरांहून मोठी जागा घेतली. नियोजन आयोगाने ४ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिली, पण शेजाऱ्यांच्या अपिलावर पर्यवेक्षक मंडळाने ती रद्द केली: आता कारण, वस्तीपासून तुटक बांधकाम. कोर्टाने दोन्ही नकार शेजारी ठेवून वाचले. वस्तीत गेलं तर आवाज, वस्तीबाहेर गेलं तर तुटक, मग जायचं कुठे? सोसायटीने प्रत्येक अट आधीच मान्य केली होती आणि ते कागदावर होतं. आर-लूपाखाली काउंटी हरली.

यातून घ्यायचं ते हे की खटला सुनावणीच्या दिवशीच जिंकला किंवा हरला जातो. रहदारीचा अहवाल, पार्किंगचा आराखडा, सांडपाण्याची क्षमता, लाउडस्पीकरची वेळ हे सगळं पहिल्याच अर्जाला जोडा. सणाच्या दिवशीची गर्दी लपवू नका. 'रोज ४० माणसं' लिहून गणपतीत ६०० आली की परमिटचा भंग होतो, आणि तेव्हा आर-लूपाही वाचवत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा. तोंडी कारणं पुढे बदलतात. आणि त्याच झोनमध्ये क्लब, लॉज, सभागृह चालतं का ते बघा: प्रार्थनास्थळाला बिगरधार्मिक सभास्थानापेक्षा वाईट अटी लावता येत नाहीत, हे आर-लूपाचं वेगळं आणि बरंच सोपं कलम आहे.

रानवाटा

चर्चा उपयुक्त आहे, पण ही व्यवस्था सगळ्यांना सारखी पावते असा समज होऊ नये. 'व्यक्तीची श्रद्धा तपासणार नाही' म्हणणारं कोर्ट 'भार' कशाला म्हणायचं ते मात्र स्वतः ठरवतं, आणि तिथे मूळनिवासी लोक हरतात.

लिंग खटला (Lyng, १९८८): कॅलिफोर्नियाच्या सिक्स रिव्हर्स जंगलात करुक, युरोक, टोलोवा लोकांच्या पवित्र डोंगरातून वनखात्याला रस्ता न्यायचा होता. कोर्टाने मान्य केलं की त्यांच्या आचरणाची यातून अपरिमित हानी होऊ शकते. तरीही सरकार स्वतःच्या जमिनीवर काय करतं त्याने कोणाला श्रद्धेविरुद्ध वागायला भाग पाडलं जात नाही, म्हणून संविधानाचा भंग नाही. ॲरिझोनातलं ओक फ्लॅट अपाची लोकांना पवित्र आहे, आणि ते तांब्याच्या खाणीसाठी द्यायचं ठरलं. नवव्या सर्किटने २०२४ मध्ये लिंगचाच आधार घेऊन अपाचींना नकार दिला आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. न्या. गोरसच यांनी त्यावर विरोधी मत लिहिलं, न्या. थॉमस त्यांच्यासोबत होते.

कोकणातली देवराई तोडून 'तुम्हाला प्रार्थना करायला कोणी अडवलंय?' असं विचारण्यासारखं आहे हे. शनिवार पाळणाऱ्याचा धर्म वेळेत असतो, तो हलवून देता येतो. यांचा धर्म त्या जागेत आहे. ही त्रुटी किरकोळ नाही.

शमीपत्र

@रानवाटा, पूर्ण सहमत. रिफ्राने जुनी कसोटी परत आणली, पण 'भार' या शब्दाला लिंगचीच चौकट चिकटली. काँग्रेसने व्याख्या बदलली तरच हे सुटेल.

जातीच्या कायद्यांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत, त्याचं उत्तर इथेच देतो. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाचं तशाच बंदीचं विधेयक, एसबी ४०३, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी नाकारलं, विद्यमान कायद्यात ते येतंच असं म्हणून. 'हा हिंदू धर्मावर हल्ला आहे' आणि 'जात हा हिंदू धर्माचाच भाग आहे', ही दोन्ही विधानं अमेरिकी कोर्टात एकाच अडचणीत सापडतात: हिंदू धर्माची शिकवण काय, हे सरकारने ठरवायचंच नाही. कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नसेल आणि तो सर्वांच्या वागण्याला लागू असेल, तर धर्मस्वातंत्र्याच्या आधारे तो पाडणं अवघड. नागपूरच्या दीक्षाभूमीचा वारसा सांगणाऱ्यांचं संरक्षणही मला त्यात दिसतं आणि ते मोलाचं वाटतं.

दिवेलागण

शाळांचं राहिलं. शाळेने चालवलेली प्रार्थना बाद (एंगल, १९६२, ॲबिंग्टन, १९६३), विद्यार्थ्याने स्वतः केलेली चालते. दिवाळीबद्दल शिकवणं, पणत्या रंगवणं ठीक. शिक्षिकेने वर्गात आरती घेणं नाही.

सीमारेषा कुठे आहे हे माल्नाक (तिसरं सर्किट, १९७९) दाखवतो. न्यू जर्सीच्या शाळांत भावातीत ध्यानाचा वर्ग होता. मंत्र घेण्याआधी विद्यार्थ्यांना फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन पूजेला हजर राहावं लागे. शिक्षक संस्कृत मंत्र म्हणत गुरुदेवांच्या तसबिरीला नैवेद्य दाखवत. ही पूजा शाळेबाहेर, रविवारी होई, तरीही वर्ग घटनाबाह्य ठरला. उलट कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासचा योगवर्ग २०१५ मध्ये टिकला, कारण संस्कृत नावं आणि मंत्र काढून तो निव्वळ व्यायाम उरला होता.

धड्यांतून मुलाला वगळायचं असेल तर जून २०२५ चा महमूद विरुद्ध टेलर निकाल वाचा, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीचा. लेखी, नेमक्या पुस्तकांची नावं देऊन आणि आगाऊ मागा.

शेंडीवाला

वाचतोय, संग्राह्य धागा. टेक्सासमधल्या शाळेने मुलाची शेंडी कापायला सांगितली, तर पहिलं पाऊल काय? (नात्यातल्यांसाठी विचारतोय.)

फेडरलफाईल

टेक्सास म्हणजे राज्याचा रिफ्रा आहे, बाजू भक्कम. नीडव्हिल शाळेचा निकाल (पाचवं सर्किट, २०१०) शोधा: नेटिव्ह अमेरिकन मुलाच्या लांब केसांवर शाळेने 'अंबाडा बांधा किंवा वेणी शर्टात खोचा' अशी अट घातली होती, ती याच कायद्याखाली पडली.

आज करायचं ते: वेशनियमाची प्रत मागवा आणि त्यात मुलींच्या केसांना काय लागू आहे ते बघा. मुख्याध्यापक आणि जिल्हा अधीक्षक दोघांना लेखी कळवा. शेंडी का ठेवली, केव्हापासून, नियम कुठे आड येतो, एवढंच लिहा. ग्रंथांचे उतारे नकोत. दावा लावण्याआधी सहसा ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, म्हणून पोचपावतीच्या टपालानेच पाठवा आणि तारीख जपून ठेवा. शाळेच्या अंतर्गत तक्रारीची मुदत याहून खूप लहान असते, जिल्ह्याच्या धोरणपुस्तिकेत बघून ती आधी भरा. तोवर 'तात्पुरती कापतो, मग वाढवू' हे करू नका. पुढे शाळेचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवेल.